विद्या आणि घर : मराठी गद्यातील पारध

१

रानातील जनावर धरण्याच्या वा मारण्याच्या क्रियेला मराठीत तीन नावे आहेत आणि ती तीन वेगवेगळ्या घरांतून आलेली आहेत. 'मृगया' हा शब्द संस्कृत काव्यनाटकांतून आणि राजदरबारातून आला. 'शिकार' हा फारसीतून आला आणि सरदार-जहागीरदारांच्या, पुढे गोऱ्या साहेबांच्या बंदुकीबरोबर स्थिरावला. 'पारध' हा शब्द मात्र गावात आणि रानात राहिला. व्युत्पत्तिकार या शेवटच्या शब्दाचा संबंध 'पापर्द्धि' या संस्कृत शब्दाशी जोडतात. पापर्द्धि म्हणजे पापाची वृद्धी. राजाची मृगया हा विनोद ठरला, सरदाराची शिकार हे शौर्य ठरले आणि ज्या क्रियेवर एका समाजाचे पोट चालत होते तिच्या नावातच तिच्याविरुद्धचा निकाल नोंदवला गेला. हा निकाल पारध्याने दिलेला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

शब्दांची ही विभागणी केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नाही. पारधीसंबंधी मराठीत जे गद्य लिहिले गेले त्याची घडणही याच विभागणीने ठरविली आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांतील हे लेखन प्रामुख्याने दोन वाङ्मयप्रकारांत आढळते. एक अरण्यविषयक ललित गद्याचा, तर दुसरा भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा. दोहोंची समीक्षा स्वतंत्रपणे पुष्कळ झाली आहे. पहिल्याची चर्चा निसर्गानुभव आणि शैली या अंगांनी झाली, दुसऱ्याची वेदना, विद्रोह आणि सामाजिक दस्तऐवज या अंगांनी. दोन्ही प्रकार एकमेकांसमोर ठेवून पाहिले असता मात्र एक विसंगती दिसू लागते. पहिल्या प्रकारात पारधीची विद्या आहे, पण पारध्याचे घर नाही. दुसऱ्यात पारध्याचे घर आहे, पण त्या घरात विद्या नाही. वास्तवात या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. त्या मराठी गद्यात वेगळ्या का झाल्या, आणि या फारकतीची किंमत कोणी मोजली, हा येथे विचाराचा प्रश्न आहे.

२

प्रथम ही विद्या घराची होती म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करावयास हवे. पारधी समाजाच्या पोटभेदांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. फासेपारधी, टाकणकार, चित्तेपारधी, हरणशिकारी ही नावे धंद्याच्या साधनावरून वा रीतीवरून पडलेली आहेत. साधन बदलले की कूळ बदलते, इतके साधन आणि कूळ एकमेकांत गुंतलेले होते. फासेपारध्याचा फासा हा बाजारातून विकत आणावयाचा जिन्नस नव्हता. जनावरांच्या तातीचे वा केसांचे फास वळणे, ते दोरीला ठरावीक अंतराने बांधणे, दोरी जमिनीला खिळविण्यासाठी खुंट्या तासणे, ही कामे पालावर, घरातील लहानथोरांच्या डोळ्यांदेखत होत. हरणाच्या वाटेवर फास मांडून, शिकविलेल्या बैलाच्या वा गाईच्या आडोशाने हळूहळू कळपाजवळ सरकण्याची रीत तर पाळीव जनावरालाही या घराचा घटक बनविणारी होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जातिवर्णनात या रीतींची नोंद आहे.

या विद्येला ऋतू होता. मराठी कवितेतील वसंत आम्रमोहराचा आणि कोकिळेचा आहे. पारधीचा वसंत निराळा. फाल्गुन-चैत्रात गवत वाळते, झाडोरा विरळ होतो, लहान पाणवठे आटतात आणि जनावरांच्या वाटा उरलेल्या मोजक्या पाण्याकडे वळतात. धुळीत माग स्पष्ट उमटतो. होळी-शिमग्याच्या दिवसांत सबंध गावाने हाकारे घालीत पारधीला निघण्याची चाल कोकणात आणि घाटमाथ्यावर होती, तिचे कारणही धार्मिक असण्याआधी ऋतुमानाचे आहे. तित्तिराच्या पारधीत हे अधिक सूक्ष्मपणे दिसते. पिंजऱ्यातील पाळीव तित्तिर ओरडतो, तेव्हा रानातील नर त्याला आपल्या हद्दीवरील आव्हान समजून चालून येतो आणि सभोवती मांडलेल्या फासात अडकतो. ही युक्ती विणीच्या दिवसांत सर्वाधिक फळते, कारण तेव्हाच नर आपल्या हद्दीबाबत सर्वांत दक्ष असतो. पक्ष्याचे ओरडणे कोणत्या दिवसांत कोणत्या अर्थाचे असते, हे ज्याला ऐकू येते त्यालाच हा फासा मांडता येईल. ही ध्वनीची एक चिन्हव्यवस्था आहे आणि ती बापाकडून मुलाकडे, आजीकडून नातवंडांकडे, ग्रंथाविना गेलेली आहे.

या घराची बोलीही स्वतंत्र आहे. पारध्यांची बोली गुजराती-भिलीला जवळची. म्हणजे पालावर विद्या एका भाषेत दिली जात होती आणि गावाशी, पोलिसांशी, शाळेशी व्यवहार दुसऱ्या भाषेत होत होता. मराठी गद्यात ही विद्या येते तेव्हा ती आधीच भाषांतरित झालेली असते, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येणार नाही.

३

विद्या घेणे आणि घर वगळणे ही प्रवृत्ती आधुनिक मराठीपुरती मर्यादित नाही. आदिकाव्याचा आरंभच एका पारध्याच्या कृत्याने होतो. क्रौंचाच्या जोडीपैकी एकाला निषादाने बाण मारला आणि त्या शोकातून श्लोक जन्मला, असे परंपरा सांगते. या प्रसंगाचे सौंदर्यशास्त्रीय विवरण आनंदवर्धनापासून आजतागायत होत आले आहे. परंतु प्रसंगाची रचना पाहिली तर तीत निषाद एक शब्दही बोलत नाही. पक्षी मैथुनरत होते, म्हणजे काळ विणीचा होता, हा तपशील कवीच्या करुणेला आवश्यक आहे. तो निषादाच्या हिशेबातही असणार, हे लक्षात घेतले जात नाही. शाप मिळाल्यानंतर निषाद काव्यातून निघून जातो. तो कोणत्या घरी गेला, हा प्रश्न काव्याला पडत नाही.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे. पाळीव मृग पुढे करून रानातील मृगांना भुलविण्याच्या रीतीसारखे तपशील त्यात येतात. हे ज्ञान राजवाड्यात निपजणे शक्य नाही. ते फासे लावणाऱ्यांकडून आले असले पाहिजे. पण ग्रंथात ते राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून मांडले गेले आणि ज्यांच्याकडून ते आले ते राजाचे सेवक तेवढे उरले.

'लीळाचरित्रा'तील ससारक्षणाची लीळा या दृष्टीने वेगळी ठरते. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो आणि मागोमाग आलेले पारधी तो मागतात. येथे पारधी बोलतात, वाद करतात, समजूत पटल्यावर परततात. करुणेचा विजय येथेही होतो, पण तो शापाने होत नाही, संवादाने होतो. मराठी गद्याच्या पहाटेला पारध्याला मिळालेला हा बोलण्याचा अधिकार पुढील शतकांत फारसा विस्तारला नाही, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

नाशिक परिसराला ही परंपरा परकी नाही. सुवर्णमृगाचा प्रसंग पंचवटीशी निगडित आहे आणि नांदूर मध्यमेश्वर येथील मृगव्याधेश्वराच्या स्थानाशी मारीचवधाची श्रद्धा जोडलेली आहे. पारधीच्या परिभाषेत पाहिले तर मारीच हा भुलवणीचा मृग आहे. ज्या युक्तीने पारधी हरिण धरतो त्याच युक्तीने येथे धनुर्धराला घराबाहेर काढले जाते आणि घर उघडे पडते. पारध आणि घर यांचा संबंध इतक्या ठळकपणे मांडणारी दुसरी कथा क्वचितच सापडेल. मात्र तीतील घर राजपुत्राचे आहे.

४

आधुनिक अरण्यविषयक गद्याकडे वळताना व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली या दोन लेखकांचा विचार अपरिहार्य ठरतो. माडगूळकर (१९२७–२००१) हे प्रथम बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे बंदूक ठेवून निरीक्षक झाले. या परिवर्तनाला मराठी वाचकाने योग्य तो मान दिला आहे. 'नागझिरा'मध्ये एकटा निवेदक जंगलात राहून पाहतो, ऐकतो आणि रेखाटतो. 'सत्तांतर' (१९८२) मध्ये तर वानरांच्या टोळीची कथा सांगताना माणूस जवळजवळ चित्राबाहेर ठेवला जातो. हे त्या कृतींचे सामर्थ्य आहे, हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे. शिकारी ते निरीक्षक हा प्रवास कोणाला शक्य होता? ज्याच्यासाठी शिकार हा छंद होता त्याला ती सोडणे हा नैतिक निर्णय असू शकतो. ज्याच्यासाठी ती चूल होती त्याला ती सोडणे म्हणजे उपासमार. 'बंदूक ठेवणे' हे आशयसूत्र शिकारकथेतून निर्माण होते, पारधीतून नव्हे. मराठी अरण्यगद्याने मात्र ते सर्वांसाठी आदर्श म्हणून प्रस्थापित केले.

चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन पारधीच्या विद्येच्या अधिक निकट आहे. वनाधिकारी म्हणून प्रदीर्घ सेवा करीत असताना पारधी, गोंड, ढीवर अशा रानाशी बांधलेल्या माणसांकडून मिळालेले शब्द, समजुती आणि निरीक्षणे त्यांनी मराठीत आणली, आणि त्याचे ऋणही वेळोवेळी मान्य केले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' या पुस्तकांवाचून मराठी भाषेचा रानाशी असलेला संबंध कितीतरी दरिद्री राहिला असता. पण ऋणनिर्देश आणि निवेदनाची रचना या भिन्न गोष्टी आहेत. या प्रकारच्या गद्यात वाक्यरचनेची एक ठरावीक घडण दिसते. पारधी 'सांगतो' आणि निवेदक 'पाहतो'. पारध्याचे सांगणे निवेदकाच्या पाहण्याने सिद्ध होते, मगच ते ज्ञान ठरते. सांगणारा बहुधा एकटा येतो. तो वाटाड्या असतो, जाणकार असतो, कधी गुरूही असतो. परंतु तो जे सांगतो ते त्याला कोणी शिकविले, त्याच्या पालावर फासे कोण वळते, धरलेले तित्तिर बाजारात कोण नेते, हे प्रश्न त्या कथनाच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे विद्या ही एका विलक्षण व्यक्तीचा गुण भासते. ती एका कुळाची संपत्ती होती, हे दिसेनासे होते.

ही रचना मराठीने एकटीने घडविलेली नाही. जिम कॉर्बेट यांनी 'माय इंडिया' (१९५२) मध्ये आपल्या बालपणातील गुरू म्हणून कुंवरसिंग या चोरट्या शिकाऱ्याचे चित्र कृतज्ञतेने रेखाटले आहे. कायद्याच्या लेखी गुन्हेगार असलेला माणूस रानात गुरू असतो आणि ग्रंथ मात्र शिष्याच्या नावावर होतो, हा साचा तेथूनच परिचित आहे. कॉर्बेटच्या शिकारकथांनी मराठी वाचकाची अभिरुची घडविली, तेव्हा हा साचाही तिच्याबरोबर आला.

५

दुसऱ्या बाजूस भटक्या-विमुक्तांची आत्मकथने आहेत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) या प्रवाहाला वाट करून दिली आणि 'उचल्या', 'बेरड' अशा कृतींनी तो समृद्ध केला. पारधी समाजातूनही 'दैना'सारखे आत्मकथन आले. गिरीश प्रभुणे यांच्या 'पारधी' या पुस्तकाने बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याच्या दृष्टीतून पालावरचे जीवन मांडले. या प्रवाहातील लेखनात घर आहे, आणि ते अतिशय प्रखरपणे आहे. भूक, पालावरची पोलिसांची धाड, जातपंचायत, शाळेच्या दारातील अवहेलना, आईचे भटकणे हे सारे त्यात आहे. अरण्यगद्याचा पारधी 'सांगतो', तर आत्मकथनाचा निवेदक 'सोसतो'. पारधीची वर्णने येथे येत नाहीत असे नव्हे. पण ती बहुधा भुकेच्या संदर्भात, एखाद्या दिवशी काही मिळाले वा मिळाले नाही, एवढ्यापुरती येतात. फास कसा वळावा, माग कसा वाचावा, पक्ष्याची हाक कशी काढावी, हे ज्ञान म्हणून सविस्तर मांडलेले क्वचितच आढळते.

या मौनाचे कारण लेखकांच्या उदासीनतेत शोधणे अन्यायाचे होईल. ते इतिहासात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचे प्रमाण मानले. १९५२ साली तो रद्द झाला, तरी १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याच्या रूपाने संशयाची यंत्रणा टिकून राहिली. त्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ सर्व वन्य प्राण्यांची शिकार बंद केली. म्हणजे ज्या समाजाला एका कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते, त्याचा निर्वाहाचा धंदाच दुसऱ्या कायद्याने गुन्हा झाला. अशा स्थितीत आत्मकथनाचा निवेदक नागरिक म्हणून वाचकासमोर उभा राहतो तेव्हा त्याला एकच गोष्ट सिद्ध करावयाची असते. आपण गुन्हेगार नाही. फासा मांडण्याचे कौशल्य अभिमानाने वर्णन करणे म्हणजे कबुलीजबाब देणे ठरले असते. आत्मकथन हा प्रकार कबुलीवर उभा असतो असे समीक्षा मानत आली आहे. येथे मात्र कबुली देण्याची चैन निवेदकाला परवडणारी नाही.

याचा एक विपरीत पडसाद भाषेत उमटला आहे. 'सापळा रचणे', 'माग काढणे', 'दबा धरणे', 'जाळ्यात अडकणे', 'सावज हेरणे' हे सगळे वाक्प्रचार पारधीच्या विद्येतून मराठीत आले. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत त्यांतील पहिले चार पोलिसांच्या कामगिरीचे वर्णन करण्यासाठी वापरले जातात आणि पाचवा गुन्हेगारासाठी राखून ठेवला जातो. 'पोलिसांनी सापळा रचून पारध्यांना पकडले' असे वाक्य वाचताना सापळा कोणाचा शब्द आहे, याची जाणीव लिहिणाऱ्याला नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. विद्या घरातून गेली, तिची भाषा त्याच घरावर चालून आली.

समीक्षेनेही या संदर्भात आपली जबाबदारी तपासली पाहिजे. मराठीतील देशीवादी विचाराने परंपरेचा शोध घेताना कृषिसंस्कृतीला केंद्रस्थान दिले. गावगाड्याच्या कल्पनेत कुणबी आहे, बलुतेदार आहे. फिरस्ता मात्र त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'पासूनच (१९१५) कुणब्याच्या खळ्यावरचा भार म्हणून येतो. ज्याचे ज्ञान शेताच्या बांधापलीकडे आहे त्याला देशी परंपरेत कोणते स्थान, हा प्रश्न या विचारव्यूहाने पुरेसा हाताळलेला नाही.

६

या कोंडीला पर्याय असू शकतो काय, हे पाहण्यासाठी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांकडे थोडे वळावे लागेल. हे वळण आगंतुक नाही. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला उतरणारे तलवार बदक, थापट्या यांसारखे पक्षी फाल्गुन-चैत्रात उत्तरेकडे निघतात. येथील पाणी सोडून ते जेथे पोहोचतात तेथे बर्फ वितळत असते आणि तेथील माणसांचा वसंतातील पारधीचा काळ सुरू झालेला असतो. एकाच पक्ष्याचे जाणे हा येथला वसंत आहे आणि येणे हा तेथला.

कॅनडातील जेम्स उपसागराच्या काठी राहणाऱ्या क्री लोकांत वसंतात हंस परतू लागले की कुटुंबेच्या कुटुंबे आपापल्या पारंपरिक तळांवर जातात. त्यासाठी शाळांना सुटी दिली जाते. पोरे तेथे आजोबांकडून हाक काढावयास आणि आजीकडून पक्षी सोलून भाजावयास शिकतात. म्हणजे विद्या आणि घर यांची एकत्रता संस्थेने मान्य केलेली आहे. ती सहजासहजी मान्य झाली नाही. अमेरिका आणि कॅनडासाठी ब्रिटन यांच्यात १९१६ साली स्थलांतरित पक्ष्यांसंबंधी जो करार झाला त्याने विणीचा काळ म्हणून वसंतातील पारध निषिद्ध ठरविली. हंगामी क्रीडा म्हणून शरदात शिकार करणाऱ्यांना तो सोयीचा होता. ज्यांच्याकडे पक्षी वसंतातच येतात त्यांना तो उपाशी ठेवणारा होता. १९६१ साली अलास्कातील बॅरो (आताचे उत्कियाग्विक) येथे एकाला बंदीच्या काळात बदक मारल्याबद्दल पकडले, तेव्हा १३८ जण एकेक बदक हाती घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहिले आणि 'आम्हालाही पकडा' असे म्हणाले. १९७५ च्या जेम्स उपसागर करारात क्री लोकांच्या पारधीच्या हक्कांना स्थान मिळाले, आणि १९९५ साली मूळ पक्षी-करारातच दुरुस्ती होऊन निर्वाहासाठी वसंतातील पारधीला मान्यता देण्यात आली.

मराठी आत्मकथनाशी ताडून पाहता बॅरोचा प्रसंग अर्थपूर्ण ठरतो. तेथे कबुली हेच प्रतिकाराचे साधन झाले, कारण कबुली देणारे सबंध गाव होते आणि गुन्हा एका कृतीचा होता. येथे गुन्हा जातीवरच लादलेला असल्याने सामूहिक कबुली म्हणजे आरोपाला दुजोरा ठरला असता. मौन हाच येथील प्रतिकार होता.

वाङ्मयीन दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण ह्यू ब्रॉडी यांच्या 'मॅप्स अँड ड्रीम्स' (१९८१) या ग्रंथाचे आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य भागातील बीव्हर लोकांच्या पारधीसंबंधीच्या या ग्रंथात प्रकरणांची आलटूनपालटून रचना आहे. विषम क्रमांकाच्या प्रकरणांत लोकांच्या सहवासाचे, शिकारीचे, घरातल्या बोलण्याचे निवेदन येते आणि सम क्रमांकाच्या प्रकरणांत नकाशे, अर्थव्यवहार, इतिहास येतो. शिकाऱ्यांनी स्वतः काढलेले आपापल्या पारधीच्या क्षेत्रांचे नकाशे हे या ग्रंथाचे मुख्य प्रमाण आहे. लेखक बाहेरचाच आहे आणि निवेदनाचे अंतिम नियंत्रण त्याच्याच हाती आहे. तरी विद्या आणि घर एकाच बांधणीत ठेवण्याचा प्रयत्न रचनेच्या पातळीवर झाला आहे. मराठीत अशी रचना अद्याप संभवलेली नाही.

७

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. पारधीच्या विद्येचा गौरव करणे म्हणजे पारधी समाजाला पुन्हा 'शिकारी' या साच्यात बंद करणे नव्हे काय? याच साच्याने त्यांना चोर ठरविले. शिक्षणाच्या, शेतीच्या, नोकरीच्या मार्गाने बाहेर पडणाऱ्या पिढीला बापाच्या फाशांची आठवण करून देणे हे प्रस्थापितांचे रोमँटिक कुतूहल ठरू शकते. शिवाय माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, माळराने नांगरली गेली आहेत. कॅनडाचे विरळ वस्तीचे विस्तीर्ण प्रदेश आणि येथील माळ यांची तुलना होऊ शकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकार आणि फासे लावणे स्पष्टपणे वगळले आहे.

हा आक्षेप व्यवसायाच्या बाबतीत पूर्णतः ग्राह्य आहे. फासा पुन्हा मांडला जावा, असे कोणी म्हणत नाही. पण धंदा संपला म्हणून ज्ञान ज्ञान राहत नाही, असे म्हणता येणार नाही. अकोला-वाशीम भागात तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी घेण्यास फासेपारध्यांचे साह्य झाले आहे. पूर्वी ज्या कानाने तो पक्षी धरला जात होता त्याच कानाने तो आता नोंदविला जातो. साचा आणि विद्या यांतील फरक असा, की साचा दुसऱ्याने सांगितलेला असतो, तर विद्या सांगण्याचा अधिकार घराचा असतो. म्हणून मुद्दा गौरवाचा नाही, निवेदनाच्या अधिकाराचा आहे.

या अधिकाराची वाट मौखिक परंपरेत शिल्लक आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळचे चंदनपुरी हे खंडोबाच्या बाणाईचे गाव. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत आणि कथनांत खंडोबा म्हाळसेचे घर सोडून बाणाईकडे जातो. काही कथनांत सारीपाटाचा हरलेला डाव त्याचे कारण असतो, काहींत शिकारीचे निमित्त. ही कथने भक्तीची म्हणून, लोकदैवताची म्हणून अभ्यासिली गेली. त्यांतील पारध घरापासून तोडलेली नाही, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. शिकारीला गेलेला देव घरी जाब देण्यास बांधलेला आहे. म्हाळसा विचारते, रुसते, भांडते. 'मानसोल्लासा'तील राजाला असा जाब कोणी विचारत नाही आणि अरण्यगद्यातील निवेदकालाही विचारत नाही.

यापुढे पारधी समाजातील नवी पिढी लिहील तेव्हा ती कोणत्या प्रकारात लिहील, हे आज सांगता येत नाही. परंतु समीक्षेने तिच्यासमोर केवळ दोनच आसने ठेवू नयेत. जाणकार वाटाड्याचे एक आणि पीडित साक्षीदाराचे दुसरे, ही ती दोन आसने. अभ्यासक्रमांत अरण्यगद्य एका घटकात आणि विमुक्तांची आत्मकथने दुसऱ्या घटकात शिकविली जातात. ती शेजारी ठेवून वाचावयास लावणे, एकीत कोण बोलत नाही आणि दुसरीत काय बोलले जात नाही हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगणे, एवढे तरी आजच करता येण्यासारखे आहे. ज्या पालावर आजी अजून आहे आणि तित्तिराची हाक तिला काढता येते, तेथील नातवंडे आता महाविद्यालयांत मराठी शिकत आहेत. त्यांच्या हातून ती हाक लिहिली जाण्याचा काळ फार लांबणीवर टाकता येणारा नाही.